कोंबड्यांच्या पाण्यातली पुडी

जंतूंइतका शेजारधर्म कोणी पाळत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि मी ते भाजीवाल्या भैयालाही ऐकवलेलं आहे. नवा रायपुरातल्या एका लॅबमध्ये मी खाण्यापिण्यातले जंतू तपासते. चिकन, अंडी, पनीर, सगळं आमच्या टेबलावर येतं. आणि घरी, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रेल्वेतून रिटायर झालेले बाबा अंगणात कोंबड्या पाळतात. एकही मरू नये म्हणून दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पुडी ते रोज त्यांच्या पाण्यात कालवायचे.

"बाबा, कोंबड्या चांगल्या धडधाकट आहेत. काहून देऊन राहिले?"

"देतो म्हणूनच तं धडधाकट आहेत!"

कप्पाळ माझं!

मग आईनं एक दिवस तिच्या आवडीचं, घरच्याच कोंबडीचं अर्धकच्चं अंडं खाल्लं. जुलाब सुरू झाले, वर फणफणून ताप. तेलीबांध्याजवळच्या दवाखान्यात भरती केलं, नेहमीचं इंजेक्शन सुरू झालं, पण ताप हटेना. रक्ताच्या तपासणीत साल्मोनेला निघाला. ज्या जंतूची मी लोकांना ओळख करून देते, तोच माझ्या आईच्या रक्तात! मी घाबरली. सरळ सांगते, फार घाबरली. त्याच्यावर कोणतं औषध चालतं हे कळायला अजून वेळ होता आणि आई डोळे उघडत नव्हती.

हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. साहेबांना विचारून मी खुराड्यातली शीट लॅबमध्ये नेली. जंतू वाढवायच्या ताटलीवर आम्ही औषधांच्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसतो. शिटेतही साल्मोनेलाच निघाला आणि त्याच्या ताटलीत एकीला सोडून बाकी सगळ्या चकत्यांना जंतू खेटून वाढले होते. दवाखान्याचा रिपोर्टही हुबेहूब तसाच आला. डॉक्टरांनी आईला ते उरलेलं एकच औषध सुरू केलं. ते चाललं नसतं तर पुढं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बाबांना मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी तं एकच औषध पाजलं ना? मंग बाकीचे काहून बंद पडले?"

प्रश्न पक्का होता. रिटायर झाला तरी माणूस सिग्नल बघतो!

"बाबा, आई शेजारच्या दीदीकडून विरजण आणते ना? चमचाभर आणते आणि सकाळी पातेलंभर दही. जंतूचं तसंच आहे. त्याच्यापाशी डीएनएचं एक लहानसं कडं असते, प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याले चिकटतो आणि त्या कड्याची नक्कल देऊन टाकतो. औषधाले दाद न देणारी जनुकं त्या एका कड्यावर ओळीनं बसली आहेत. तुम्ही एक औषध पाजलं. ज्यांच्यापाशी कडं नव्हतं ते मेले, ज्यांच्यापाशी होतं ते सगळ्या जनुकांसकट वाचले."

"जातभाईलेच देते?"

"जातपात पाहत नाही ते. मी त्याले साध्या, निरुपद्रवी जंतूसोबत एका नळीत ठेवलं होतं. सकाळी तो साधाही औषधात मजेत वाढून राहिला होता."

 बाबा हळूच म्हणाले, "पोरी, पुडी मी पाऱ्यात वाटली बी. ज्याच्या-ज्याच्या घरी कोंबड्या आहेत, त्याले."

माय वं! मला रागही आला आणि त्यांची दयाही आली. चांगली वस्तू एकट्यानं ठेवायची नाही, ही आमच्या घरची रीत. त्या रीतीनंच ते वागले होते.

औषध लागू पडलं. ताप उतरला, आईनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर कोंबड्यांना दाणे कोणी टाकले! ती घरी आली त्या संध्याकाळी तिला पलंगावर टेकवून बाबांनी चप्पल घातली. मी मागोमाग गेली. पहिलं घर विरजणवाल्या दीदीचं. तुळशीपाशी नुकताच दिवा लागला होता.

"दीदी, वो मुर्गीवाली पुडिया वापस दे दो."

"दिया-बत्ती के बाद घर से कुछ नहीं देते, भैया. सुबह ले जाना."

हा नेम पाऱ्यात सगळेच पाळतात आणि बाबा तर सगळ्यात कडक. दिवे लागल्यावर त्यांनी कोणाला कधी मीठसुद्धा दिलं नाही. पण ते पायरीवरून हलले नाहीत.

"आज देना पड़ेगा, बहन," ते म्हणाले. "मेरे हाथ की दवा से मेरी घरवाली मर रही थी."

दीदीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग ती आत गेली आणि पुडी घेऊन आली.