इस्त्रीवाल्या मावशीची दारं पाठ

आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली सगळ्यांची मावशी. तिच्याहून थोरलेही मावशीच म्हणतात नि तिचा ओरडा खातात. हातगाड्यावर कोळशाची इस्त्री, खाली बोचकी. सकाळी गाडा दवाखान्याच्या भिंतीशी, बारानंतर पाण्याच्या टाकीखाली, ऊन कललं की शाळेमागं. तीस वर्षं ती सावलीमागं गाडा ढकलतेय. आम्हाला वाटायचं, बाईचा पाय एका जागी ठरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गल्लीकरांनी वस्तीचा नकाशा काढायला घेतला. पाणी कुठं तुंबतं, सावली कुठं, उन्हाची लाट आली तर कुणाच्या दारावर थाप मारायची. शाळेत चादरीएवढा कागद अंथरून सगळे रांगत होतो. मास्तरीणबाईंचे कपडे द्यायला मावशी आली, नि हसली.

"झाडं छान रंगवलीत. पण दुपारी त्यांची सावली भिंतीपलीकडं पडते. इथं बाकडं टाकलंत तर माणूस वांग्यासारखा भाजून निघेल. आणि या लाल टिकल्या कसल्या?"

"एकट्या राहणाऱ्यांची घरं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ज्यांनी नावं दिली त्यांची."

"सातच? मला बारा माहीत आहेत."

"ते कसं?"

"बोचक्यावरून गं. ज्या घरातनं उशीचा एकच अभ्रा येतो, तिथं दुसरं डोकं कुठलं?"

मग तिचं बोट एका इमारतीवर थांबलं. तिथं वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन राहतात.

"यांची टिकलीच नाही. सोमवारी कपडे यायचे, आज गुरुवार."

"लेकीकडं गेले असतील," मी म्हणालो.

"लेकीकडं जाताना निळा सदरा कडक करून नेतात. नेला नाही. उठा!"

गच्चीखालची ती खोली म्हणजे भट्टी. शेजाऱ्यानं खांद्यानं दार फोडलं. म्हातारा मोरीपाशी पडलेला, ओठ फुटलेले, श्वास चालू. मावशीनं चादर भिजवून अंगावर टाकली.

"कपडे धुवायचे राहिले..." तो पुटपुटला.

"गप पडा. मला घाई नाही."

दवाखान्याची गाडी आली. डॉक्टर म्हणाले, वाचतील.

शाळेत परतल्यावर मास्तरीणबाईंनी टिकल्या पुढं केल्या. "मावशी, उरलेली चार घरं दाखवा."

मावशीनं कागदावर हात आडवा धरला. "सावल्या हव्या तेवढ्या काढा. टिकल्या मात्र उपटा. एकटं कोण राहतं, हे चोरालाही वाचता येतं."

"मग आम्हाला कळायचं कसं?"

"पाय आहेत ना? उद्या माझ्याबरोबर फिरा. दारं पाठ करा."

सकाळी आम्ही नऊजण तिच्यामागं निघालो. चौथ्या जिन्याला आम्हाला धाप लागली, ती बोचकं घेऊन वर पोचलेलीसुद्धा. कुणाला कमी ऐकू येतं, कोण जिना उतरू शकत नाही, कुणाची किल्ली कुणाकडं, दारादारावर हळू आवाजात सांगत होती. कागद नाही, चिठ्ठी नाही. या गल्लीत माझा अर्धा जन्म गेला, आणि मी तोंडाचा आ करून ऐकत होतो. माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली एक बाई राहते, हे मला त्या सकाळी कळलं.