‘भर’ मी म्हटलं होतं

ही गोष्ट सांगायची मी पुष्कळ वर्षं टाळली. टाळायला कष्ट पडले नाहीत, कारण कोणी विचारतच नव्हतं. आमच्या भागातले द्राक्षवाले एकत्र जमले आणि जुन्या नुकसानीचा विषय निघाला, की कोणीतरी म्हणायचं, "यांच्याकडं तो जेलमधनं सुटलेला गडी होता ना, त्यानं घालवला यांचा प्लॉट." मी तेव्हा काही बोलत नसे. समोरचा चहा संपवत असे. मी बोललो नाही म्हणून ते खरं ठरलं, आणि पुढं ते मलाही जवळजवळ खरं वाटू लागलं.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. नाशिकमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहतो. ज्यांच्यापुढे हे बोलायला हवं होतं त्यांतले निम्मे राहिलेले नाहीत. जे आहेत त्यांनी तरी हे वाचावं.

आमची बाग शहरापासून फार लांब नव्हती. कारभार थोरल्या भावाकडे होता, त्यांना आम्ही दादा म्हणत असू. दादांचा शब्द शेवटचा. माणूस कडक, पण लबाडी नावालाही नाही. एका छाटणीच्या आधी फवारणीसाठी कायमचा माणूस हवा होता आणि मिळत नव्हता. तेव्हा एक दिवस सकाळी फाटकाबाहेर एक माणूस येऊन उभा राहिला. पस्तिशीचा असेल. आत ये म्हटलं तरी आला नाही. कामाचं काय, राहायचं काय, यातलं काहीच न विचारता तो म्हणाला, "भाऊ, आधी एक ऐकून घ्या. माझ्या हातनं माणूस मेलाय. सजा भोगून आलोय. उद्या दुसऱ्याकडनं कळंल, त्यापेक्षा मीच सांगतो. मग घ्यायचं का नाय ते ठरवा."

सायखेड्याच्या पलीकडच्या एका गावचा होता. बांधावरून भावकीत भांडण झालं, त्यात त्यानं फावड्याचा दांडा मारला आणि समोरचा दोन दिवसांनी गेला. सात वर्षं आत काढली. हे सगळं त्यानं फाटकाबाहेर उभं राहून, मला थांबवू न देता सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही आणि पडलाही नाही.

मी त्याला ठेवायचं म्हटलं. दादा नको म्हणाले. आमचा दोन दिवस वाद चालला. मी म्हणालो, त्याची शिक्षा कोर्टानं ठरवली होती आणि ती त्यानं पुरी केली, आता आपण आणखी वेगळी द्यायची का? शेवटी दादा म्हणाले, "ठेव. पण तुझ्या जबाबदारीवर." गावात माझं नाव झालं. एका सत्काराच्या भाषणात माझ्या मोठ्या मनाचा उल्लेखही झाला, आणि तो मला आवडला, हेही लिहून टाकतो.

त्याच्यासारखा काम करणारा मी पाहिला नाही. फवारणी झाली की टाकी तीन पाण्यांनी धुवायची, नळी मोकळी करायची, नोझल काढून उन्हात ठेवायचे, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. औषध मोजायचं माप तो स्वतःच्या ताटासारखं घासत असे. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "अरे, त्यात काय जेवायचंय का तुला?" तर म्हणाला, "मी नाय जेवत, भाऊ. वेल जेवतो." बायकांच्या टोळ्या विरळणीला यायच्या, त्या सुरुवातीला त्याच्यापासून दोन ओळी सोडून काम करायच्या. महिन्याभरात त्याच त्याला हाक मारून विचारू लागल्या, बाबा, आज औषध कुठल्या ओळीपर्यंत मारलंय, आम्ही कुठनं धरू?

गुरुवारी सायखेड्याचा बाजार असतो. तो कधी त्या बाजाराला गेला नाही. लागेल ते दुसऱ्या गावाहून, लांबचा फेरा मारून आणायचा. मी कारण विचारलं. मेलेल्या माणसाची बायको त्या बाजारात भाजी घेऊन बसते, म्हणाला. मी शहाणपणानं म्हणालो, "मग एकदा जाऊन माफी माग तिची. मन मोकळं होईल." तो म्हणाला, "कुणाचं मन मोकळं होईल, भाऊ? माझं. म्हंजी तिच्याकडनं आणखी एक काहीतरी मागायला जायचं. तिनं बाजार सोडायचा का मी? मीच सोडला."

पुढं हे वाक्य मी स्वतःसाठी फार वापरलं.

त्याची बायको आणि मुलगी माहेरी होत्या. सासऱ्यानं अट घातली होती, एका ठिकाणी एक वर्ष सलग टिकून दाखव, मग पाठवतो दोघींना. आमच्याकडे त्याला दहा महिने झाले होते. पंपाशेजारची खोली त्यानं चुना लावून पांढरी केली होती. मुलीचं दप्तर अडकवायला भिंतीत एक खुंटी ठोकली होती, तिच्या हाताला येईल इतक्या खाली. त्यानं मुलीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती रांगत होती, म्हणून उंचीचा अंदाज त्यानं आमच्या नातीला भिंतीशी उभं करून घेतला. उरलेले दोन महिने तो बोटांवर मोजत असे. हे मला सगळं माहीत होतं.

आता माझं सांगतो.

दादांचा एक नियम होता: बागेची टाकी बागेबाहेर जाणार नाही, आणि तिच्यात तणनाशक कधीही पडणार नाही. द्राक्षवाल्याला याचं कारण सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. उसात किंवा गव्हात रुंद पानांचं तण मारायला जे औषध वापरतात, ते द्राक्षाला थेंबानंही चालत नाही. एका पाण्यानं धुतलेल्या टाकीत जेवढं राहतं, तेवढं कोवळ्या फुटीला पुरतं.

ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता. दादा लग्नासाठी सटाण्याला गेले होते. माझ्या मेहुण्याचा ऊस तणानं भरला होता आणि त्याचा पंप बिघडला होता. त्यानं गळ घातली. मी ट्रॅक्टरला टाकी लावून नेली, त्याच्या उसात तणनाशक मारून दिलं आणि संध्याकाळी परत आणली. गडी तेव्हा खालच्या प्लॉटला पाणी धरत होता. मी टाकीत एकदा पाणी फिरवलं, ओतलं, आणि जागेवर लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या प्लॉटवर बुरशीचं औषध मारायचं होतं. ढग आले होते, घाई होती. त्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे आला.

"भाऊ, टाकीला येगळाच वास येतोय. धुऊन घेऊ का पुन्हा?"

मी म्हणालो, "काही नाही होत. भर."

धू म्हटलं असतं तर अर्धा तास गेला असता आणि वास कसला हे विचारलं गेलं असतं. दादा दुपारी परतणार होते. टाकी बाहेर गेली होती हे त्यांना कळू नये, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि टाकी भरली.

आठवड्यात नवी पानं पंख्यासारखी आखडली. शिरा जवळ आल्या, शेंडे वळले. मग घड गळायला लागले. ज्यानं हे एकदा पाहिलंय तो लांबूनच ओळखतो. दादांनी शेजारचे तीन बागायतदार बोलावले, आणि सकाळी आम्ही सगळे वरच्या प्लॉटवर उभे होतो. दादांनी एक शेंडा तोडून हातात धरला आणि त्याला विचारलं, "टाकीत काय होतं?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. धाक नव्हता त्यात, विनवणीही नव्हती. मला वाटतं, तो फक्त थांबला होता. मी एक पान हातात घेऊन उलटसुलट पाहत राहिलो.

"मोठे भाऊ," तो म्हणाला, "मला वास आला व्हता. तरी भरली. हात माझा."

एवढंच. कोणी भर म्हटलं, ते नाही. टाकी आदल्या दिवशी कुठं होती, तेही नाही. शेजाऱ्यांपैकी एक जण हसून म्हणाला, "माणसं मारून झाली, आता येल मारायला लागला." दादा त्याच्यावर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ तुझी दया. पानापानावर दिसतीय." आणि त्याला म्हणाले, संध्याकाळपर्यंत खोली मोकळी कर.

मी तेव्हा बोलू शकत होतो. दादा चिडले असते, चार दिवस जेवले नसते, फार तर टाकीला कुलूप लावलं असतं. यापलीकडे माझं काही गेलं नसतं. त्याचे मात्र दहा महिने गेले, आणि त्यानंतर येणाऱ्या दोघी गेल्या. तरीही मी पान बघत राहिलो.

निघण्याआधी त्यानं टाकी तीन पाण्यांनी धुतली. मग वळकटी घेऊन रस्त्याकडे चालू लागला. मी मोटारसायकल घेऊन मागं गेलो. स्टँडपर्यंत सोडतो म्हटलं, तर चालत जातो म्हणाला. मग मीच न राहवून विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस?

तो रस्त्याच्या कडेला थांबला. म्हणाला, "भांडणात चुलता मागनं वरडत व्हता, हाण, हाण. कोर्टात वकील म्हणला, ते सांग, सजा कमी व्हईल. नाय सांगितलं. वरडला तो खरा, पण दांडा माझ्या हातात व्हता. टाकीचंबी तसंच."

आणि वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "तुमचं तुमी बघा, भाऊ."

यात टोमणा नव्हता. तो खरंच तसं मानत असे. त्यानं त्याचा वाटा उचलला होता. माझा उचलला नव्हता, मला माफही केला नव्हता. तो माझ्यापाशी ठेवून गेला.

पुढं कळलं ते असं. तो दिंडोरीच्या बाजूला गेला. तिथंही पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर उभा राहून सगळं सांगितलं असणार, आणि आता त्यात आमच्या बागेचीही भर पडली असणार. दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिसऱ्यानं ठेवलं, पण तोवर दोन वर्षं गेली होती. सासऱ्याचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झालं. बायको-मुलगी आल्या तेव्हा मुलगी सहावीत होती. तो द्राक्षाची कलमं भरायला शिकला आणि त्या कामात त्याचा हात असा बसला, की लोक त्याच्यासाठी हंगाम अडवून ठेवू लागले. त्याच्या टोळीत तुरुंगातून सुटलेली दोन माणसं होती. त्यांना घेताना तो एकच विचारायचा म्हणे, काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगता येतं का? ज्याला येतं, त्याला काम.

मी त्याला मधल्या काळात एकदाच भेटलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो. तो रोपांच्या ओळीत बसून कलम बांधत होता. मला पाहून उठला, हात पुसले, आणि टोळीतल्या माणसांना म्हणाला, "हे आमचे भाऊ. सुटून आलो तवा कुणी दारात उभं करत नव्हतं. पहिलं काम यांनी दिलं. लय मोठा माणूस." त्यानं ते मनापासून म्हटलं. जे झालं ते एका बाजूला आणि जे मी दिलं ते दुसऱ्या बाजूला, असं तो ठेवू शकत होता. मला ते जमलं नाही. चहा घेतला, कलमांची चौकशी केली, निघालो. वाटेत मनाशी म्हणालो, माफी मागणं म्हणजे त्याच्याकडून आणखी एक काहीतरी मागणं. त्याचंच वाक्य मी माझ्या भित्रेपणाला पांघरलं.

ते वाक्य मला लागू नव्हतं, हे कळायला वर्षं गेली. त्या बाईच्या बाबतीत लपलेलं काही नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं कोणी मारलं. इथं मात्र एक खोटं उभं होतं, त्याच्या नावावर, आणि ते काढणं फक्त माझ्या हातात होतं. दादांना मी ते त्यांच्या शेवटच्या आजारातही सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. मुलीनं फोन करून कळवलं. दशक्रियेला गेलो. आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी मंडप असतो, कीर्तनकाराचं प्रवचन होतं, मग ओळखीची माणसं माइकवर दोन शब्द बोलतात. त्या दिवशी काठ भरला होता. बागायतदार, मजूर, रोपवाटिकांचे मालक. आमच्या बागेत त्या सकाळी उभ्या असलेल्या तिघांपैकी एक जण, तोच हसणारा, काठी टेकत आला होता. लोक बोलले ते पोकळ नव्हतं. एकानं सांगितलं, माझी पाचशे कलमं वाळली तेव्हा हा न बोलावता आला, म्हणाला बांधणी माझी होती, आणि सगळी पुन्हा भरून दिली.

मग मुलगी माझ्याजवळ आली. आता शाळेत शिक्षिका आहे. म्हणाली, "आबा, तुम्ही बोला. पहिलं काम तुम्ही दिलं, बाबा नेहमी सांगायचे."

माइक हातात आला. मी त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल बोललो. टाकी धुण्याबद्दल बोललो, अन् त्याच्याइतका सच्चा माणूस पाहिला नाही म्हणालो. यातला शब्द न् शब्द खरा होता. लोकांनी माना हलवल्या. मुलीनं डोळे पुसले आणि मला वाकून नमस्कार केला, आणि मी तो घेतला.

जे बोलायचं होतं ते पाठ होतं. घरून निघताना दोनदा म्हणून पाहिलं होतं. ते असं: पोरी, तुझ्या बापानं आमची बाग घालवली नाही. टाकीत तणनाशक मी घातलं होतं. त्यानं वास येतो म्हणून विचारलं, आणि मी भर म्हणालो. माझ्या भावासमोर मी गप्प राहिलो, म्हणून तू तुझ्या बापाकडे तीन वर्षं उशिरा आलीस. मला त्याची माफी मागायची होती. ती राहिली. आता तुझी मागतो.