खुर्चीवर राहिलेली ताडपत्री

खुर्चीवर निळी ताडपत्री दिसली आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. आमचे फिटर गजूभाऊ बाभुळगावला एका गच्चीवर सोलरची वायर बदलायला गेलेले, आणि ताडपत्री इथे, यवतमाळच्या ऑफिसात!

मेन स्विच पाडला तरी ऊन थोडंच बंद होतं? ऊन आहे तोवर पॅनलची वायर जिवंत. आधी पॅनल झाकायचे, मगच हात लावायचा, हा गजूभाऊंचाच नियम.

फोन लावला. नुसती रिंग.

सोलरच्या धंद्यात किस्से पॅनलवरच्या धुळीसारखे साचतात. एरवी चहाबरोबर मीच ते रंगवून सांगते. त्या दुपारी मात्र रिंग वाजत राहिली आणि ते आपोआप आठवत गेले.

*

लाईन गेली की आमचं सोलरही बंद पडतं. एक काकू तावातावानं ऑफिसात आल्या. "सूर्य डोक्यावर, अन् माह्या घरात पंखा बंद कायले?"

मी समजावलं, "काकू, खांबावर लाईनमन चढलेला असतो. आपला करंट तिकडे गेला तर तो मरेल ना!"

"मंग त्याले सांग, जराक खाली उतर म्हणा!"

*

फोन वाजला. मी दचकून उभीच राहिले. गजूभाऊ?

नाही, गुरुजी! रिटायर झाल्यावर एफडी न करता त्यांनी पैसा इथल्या घरावरच्या पॅनलमध्ये घातलाय.

"बेटा, ढग आले. आज माह्यं व्याज बुडालं काय?"

ढग! जन्मात पहिल्यांदा मला ढग हवे होते. खिडकीकडे धावले. बाहेर रखरखीत ऊन.

"गुरुजी, इथे तर कडक ऊन आहे!"

"हाव काय? मी पुसदले लेकीकडे आलो ना! इथं ढग हायेत."

*

पुन्हा गजूभाऊ. उत्तर नाही. मग साहेबांना लावला. प्लांटसाठी भागीदार हवेत म्हणून ते चार पैसेवाले समोर घेऊन बसलेले.

"साहेब, गजूभाऊंना शॉक..."

"शॉक म्हणू नको! स्पीकर चालू आहे!"

मागून कोणीतरी विचारलं, "कोणाले लागला?"

फोन कट!

*

मागे एकदा वाऱ्यानं ताडपत्री उडाली होती. शॉक लागून गजूभाऊ गच्चीवर फेकले गेले. मी किंचाळले.

"ताई, करंट तर ओळखीचा हाय," ते म्हणाले. "तुमच्या ओरडण्यानं जास्त दचकलो!"

सगळे हसले. पण त्यांना चहाचा ग्लास धरता येईना. तो मी धरला होता. एवढा भाग मी चहाबरोबर सांगत नाही.

*

परत लावला. रिंग. रिंग. आणि कोणीतरी उचलला! बाईचा आवाज.

"गजूभाऊ कुठे आहेत? बरे आहेत ना?"

"वर हाय तो, हात गुतले त्याचे. तू त्याच्या हापिसातली काय वं? मंग तूच सांग बाई! बारशाची पंगत उभी हाय, अन् ह्यानं साऱ्या सतरंज्या नेऊन त्या काचांवर हातरल्या! लोकाइले आता कायच्यावर बसवू?"