कापश्याच्या पायापायी

मीरासाब पिंजारी गारगोटीचा. दसरा झाला, की पिंजणीची कमान खांद्यावर टाकून तो कापूस पिंजायला गावोगाव निघायचा, आणि त्याच्यापुढं दहा पावलं त्याचा कुत्रा कापश्या. शाहू महाराज गादीवर येऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. मीरासाबला मूलबाळ नव्हतं. बायको नजीरा कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नसे, पण सकाळची पहिली भाकरी त्यालाच टाकी.

अश्विन महिना या दोघांचा. पाऊस सरलेला, वेदगंगेचं पाणी निवळलेलं. भुईमूग काढणाऱ्या बायका ओंजळभर ओल्या शेंगा द्यायच्या. मीरासाब बांधावर काटक्या पेटवून त्या भाजायचा आणि कापश्या टरफलासकट मटकावायचा. मग खाचरात खेकड्याचं बीळ उकरायचा, नाकाला नांगी लागली की केकाटायचा, आणि पुन्हा तिथंच तोंड घालायचा. मीरासाब हसून हसून आडवा व्हायचा. दिवस कलला, की त्याच्या अंगातली कुसळं वेचत बसायचा.

त्या वर्षी नदीपलीकडच्या गावात आकारामनं सशाला जाळं लावलं होतं. आकाराम म्हणजे गावातला तालेवार शेतकरी. त्याचे सहा गडी हाकारे घालत होते. कापलेल्या भातातून ससा उठला, आणि वाटेनं चाललेला कापश्या आनंदानं त्याच्यामागं सुटला. ससा बिचकला, जाळं चुकवून झाडीत शिरला. आकारामनं हातातला कोयता फेकला. कापश्याचा मागचा पाय गुडघ्याखाली लोंबायला लागला.

"पिंजाऱ्याच्या कुत्र्याला शिकार पायजे व्हय!" आकाराम हसला. गडीही हसले.

मीरासाबनं त्या गड्यांच्या हातातले कोयते बघितले आणि तो गप्प राहिला. जखमेवर कापूस दाबून त्यानं कुत्र्याला उचललं. गावातून जाताना आकारामची बायको बायडाबाई परसातून बाहेर आली. काही न विचारता तिनं हळद आणि लुगड्याचं धडपं दिलं. तिच्या मनगटावर ताजा वळ होता.

पाय गेला. कापश्या तीन पायांवर चालायला शिकला, पण बीळ उकरायला लागला की तोल जाऊन तोंडावर पडायचा. मीरासाब ते बघायचा आणि त्याला धरून उभं करायचा. आपण त्या वेळी गप्प बसलो, हे त्याला कोयत्यापेक्षा जास्त सलत होतं.

"अल्लावर सोडा आता," नजीरा म्हणाली.

"अल्लाला लई कामं हाईत. एवढं मी करतो."

थंडीच्या तोंडाला मीरासाब कापश्याला घेऊन डोंगरात गेला. खाजकुयलीच्या शेंगा वाळल्या होत्या. मीरासाबनं कापश्याला लांब झाडाला बांधलं, तोंडाला फडकं लावलं, कोपरापर्यंत तेल चोपडलं आणि शेंगांवरची तांबूस, खाजरी कूस खरवडून वाळक्या भोपळ्यात भरली. भोपळ्याला बूच मारून वर्षभर आढ्याला टांगून ठेवला.

पुढच्या दिवाळीआधी आकारामकडूनच निरोप आला. सोप्यात नवी गादी पाहिजे होती. कापश्याला घरी ठेवून मीरासाब चार दिवस त्याच्या अंगणात कापूस पिंजत होता. आकाराम रोज जायचा-यायचा. एकदाही त्यानं ओळखलं नाही. त्या प्रत्येक खेपेला मीरासाबचा हात कमानीवर जास्त जोरानं पडायचा.

शेवटच्या दिवशी खोळ शिवायच्या आधी त्यानं वरच्या पातळ कापडाखाली सगळा भोपळा रिकामा केला. मग बायडाबाईला हाक मारली.

"वैनी, ह्या गादीवर पोरंबाळं बसू देऊ नका. तुमीबी बसू नका. पाडव्याला पैल्यांदा मालकांनीच बसायचं."

बायडाबाईनं गादीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "तुझा त्यो कुत्रा जगला का?"

"जगला. तीन पायांवर."

तिनं पदर खोचला. "काठीनं उचलून मीच हातरते," म्हणाली.

पाडव्याला आंघोळ करून, नुसत्या धोतरावर आकाराम गादीवर टेकला. समोर गावातली मोठी माणसं फराळाला बसलेली. बायडाबाईनं ओवाळलं. तबक खाली ठेवेपर्यंत त्यानं पाठ खाजवायला सुरुवात केली होती. मग मांड्या, मग पोट. जितकं खाजवावं तितकं पसरत गेलं. शेवटी धोतर सावरत तो सगळ्या गावादेखत नदीकडं पळत सुटला.

घाटावर मीरासाब उभा होता, शेजारी कापश्या. आकाराम गळ्यापर्यंत पाण्यात बसून, अंगाला वाळू घासत, ओरडत होता.

"ह्याला वळखला का मालक?" मीरासाबनं विचारलं. "न्हाई? नीट बघा. पाय मोजा की."

आकारामनं बघितलं, आणि त्याला आठवलं. ते त्याच्या तोंडावर उमटेपर्यंत मीरासाब हलला नाही.

आठवड्यात आकारामच्या गड्यांनी गारगोटीला येऊन त्याची कमान मोडली. त्या गावात आणि आसपासच्या चार गावांत त्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही. त्यानं नवी कमान करून घेतली आणि चंदगडची वाट धरली, लांबची, चढाची. चढावर तो कापश्याला खांद्यावर घ्यायचा. कापश्या आणखी तीन अश्विन जगला.

"एका कुत्र्यापायी पाच गावं घालवलीस," लोक म्हणायचे.

"व्हय, घालवली," मीरासाब म्हणायचा, आणि आकाराम नदीकडं कसा पळाला ते पहिल्यापासून सांगायला बसायचा.