पाट्टींच्या गोळ्या

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्याबद्दल माफ करा. शाळा तमिळ, तीही चौथीपर्यंत. नागरी अक्षरं वडिलांनी घरी शिकवली. पण राग जात नाही, म्हणून लिहिते.

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे उजेडात धरला होता. पाट्टींच्या मनगटात हाडांशेजारी पांढऱ्या रेघा दिसत होत्या.

"या रक्तवाहिन्या. एक्स-रेत अशा दिसायला नकोत," मॅडम म्हणाल्या.

मी तंजावरला डायलिसिस सेंटरमध्ये आया आहे. वजन करणं, चादरी बदलणं, हात धरून बेडवर नेणं, ही माझी कामं. पाट्टी, म्हणजे आजी, पापनाशमहून बसनं येतात. आमच्यासारख्याच तंजावरी मराठी. किडनी बंद पडली की अन्नातला फॉस्फरस रक्तात साठतो. मशीन थोडाच काढतं. मग फॉस्फरस आणि कॅल्शियम रक्तवाहिन्यांत बसतात आणि त्या कडक होतात. म्हणून जेवणाबरोबर गोळी देतात. ती फॉस्फरस पोटातच धरून ठेवते.

"गोळ्या घेतात ना?" मॅडमनी पाट्टींच्या मुलाला, रघुनाथरावांना, विचारलं.

"कुठल्या घेते! जेवताना कधी घेताना दिसली नाही. गटारात टाकते," ते सगळ्या वॉर्डापुढं म्हणाले. "एवढ्या महागाच्या गोळ्या! आता बंद. मी एक पैसा देणार नाही."

"अशानं सुई टोचायला जागा उरणार नाही. हृदयालाही धोका आहे," मॅडम म्हणाल्या. पण ते निघून गेले होते.

पाट्टींच्या हातात दोन सुया, नळ्यांतून रक्त फिरतंय. उठताही येईना. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "मंजुळे, मी टाकत नाही ग."

मला चारचौघांत बोलता येत नाही. खाली औषधाच्या दुकानात जाऊन मी माझ्या पगारातून महिन्याच्या गोळ्या घेतल्या. वर आले, माझ्या डब्यातली इडली त्यांच्यापुढं धरली, वर एक गोळी.

"घ्या. माझ्या डोळ्यांपुढं खा."

"इथं? शिव शिव! मी मडीत जेवते." मडी म्हणजे सोवळं. "आणि जेवताना दुकानातली गोळी शिवू?"

"मग घेता कधी?"

"सोवळं सोडलं की. रात्री निजताना. तिन्ही एकदम."

"तेव्हा पोटात काय असतं?"

"काय असणार? पाणी!"

आता मला त्यांचाही राग आला. "पाट्टी, पोटात अन्नच नाही तर गोळी धरणार काय? तुमच्या मडीनं रक्तवाहिन्यांची हाडं केली!"

"मग काय करू? गोळीला आंघोळ घालू?"

पलीकडच्या बेडवरचा माणूस हसला. मला हसू आलं नाही. मी जाऊन मॅडमना सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घेता का, एवढंच आम्ही विचारत राहिलो."

तोड पाट्टींनीच काढली. सकाळी आंघोळीआधी गोळ्या पाकिटातून काढून चांदीच्या वाटीत देवापुढं ठेवायच्या. देवापुढून उचललं की ते मडी. मग प्रत्येक जेवणात भाताच्या घासाबरोबर एक. देवाची हरकत नव्हती.

पुढच्या महिन्याच्या रक्ताच्या रिपोर्टात फॉस्फरस उतरला. एक्स-रेतल्या रेघा मात्र तशाच. बसलेलं निघत नाही, पुढचं फक्त थांबवता येतं, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे गेले ते दिवस गेलेच.

त्या दिवशी रघुनाथरावांनी मला जिन्यात गाठलं. हातात नोटा होत्या. "आया, तुझे गोळ्यांचे पैसे. कुणाला सांगू नकोस."

"इथं नको," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "पाट्टींच्या बेडजवळ या. गोळ्या गटारात टाकते, असं तिथंच म्हणालात ना?"

"आयानं मला शिकवायचं?"

"शिकवत नाही. पैसे मागतेय."

मी आत जाऊन चादरी बदलू लागले. दुसरी चादर घालेपर्यंत तेही आत आले.

गोळी घेतली का, असं पेशंटला विचारून काही कळत नाही. कशाबरोबर घेतली, ते विचारावं. आता मी प्रत्येकाला विचारते, त्यापायी कुणी ओरडलं तरी ऐकून घेते.

रघुनाथरावांनी आईची माफी मागितली नाही. पण सगळा वॉर्ड बघत असताना, आईच्या उशाशी उभं राहून, त्यांनी माझे पैसे परत दिले. पूर्ण.