पोट, पाठ आणि आप्पा

“ओढू नका! पाय उपटून यील, गाढवांनो! होडी धरा, होडी!”

आवाज होडीच्या आतून येत होता. बाहेर दिसत होते ते दोन पाय आणि एक खाकी अर्धी चड्डी. आप्पा आतल्या सांध्याला डांबर द्यायला भोकातून शिरले आणि केसांसकट, बनियनसकट त्याच डांबराला चिकटले. आम्ही बारा जण ओढत होतो. बरं, चार म्हणा. पण ताकद बारांची लावली होती. शेवटी त्यांच्या बायकोने, काकूंनी, भोकातून रॉकेल ओतलं तेव्हा आप्पा सुटले. बाहेर येताच आमच्यावरच खेकसले, “बघत काय बसलाय? बसायला येळ हाय व्हय कुनाला?”

हे त्यांचं पालुपद. दौंडच्या रेल्वे यार्डात ते सुतार, मी डब्यांना रंग देणारा, आणि घरंही भिंतीला भिंत लागून. आप्पांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. भाकरी उभ्याने, चहा चालताना. दाढी करताना न्हावी वस्तरा घेऊन मागे पळायचा. खोटं वाटत असेल तर तुमच्या ओळखीतला असा एखादा माणूस आठवून बघा. काकू रोज ताट वाढून म्हणायच्या, “आवं, जरा बसा की.” आप्पा तोवर भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात.

जन्मभर त्यांनी डब्यांत बाकं बसवली. “माझ्या बाकावर बसून लोक मद्रासला गेलं,” ते म्हणायचे, “आन् मी? वरवंडच्या बाजारापत्तूर.” रिटायर झाल्यावर पास मिळाला, तर तोही नको. “रुळावरनं जानं म्हंजी दुसऱ्याच्या मनानं जानं. मी भीमेवरनं जानार. कृष्णेला मिळती तितपत्तूर. येताना बघू पासाचं.”

डब्यात कुणी विसरलेल्या मासिकात त्यांना त्या होडीचं चित्र सापडलं होतं. वरून बंद, मधोमध एका माणसापुरतं भोक. दुष्काळ सरून भीमेला पुन्हा पाणी आलं, तसं आप्पांनी पातळ प्लायवूड आणलं. खालच्या भागाला ते पोट म्हणत, वरच्याला पाठ. पोट महिन्यात झालं, पाठ पंधरवड्यात. राहिला तो त्या दोघांचा सांधा. मध्ये डांबरात भिजवलेली तागाची पट्टी, वरून चार-चार बोटांवर तांब्याचा खिळा. “पोट आन् पाठ एक झाली पायजे. फट ऱ्हायली की मानूस बुडाला.”

रॉकेलने डांबर धुतलं, म्हणून पाठ पहिल्यांदा उचकटावी लागली. पुन्हा मिटली, तर कानावरची पेन्सिल आत राहिली म्हणून उचकटली. तिसऱ्यांदा होडी सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर ठेवून आत घागरीने पाणी भरलं. आख्खा दिवस बाहेर थेंब आला नाही. मी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी सांध्याला नाक लावलं आणि म्हणाले, “हितं घाम आलाय.” घाम त्यांच्या नाकाला होता. पण पकड आली, खिळे निघाले, पाठ पुन्हा अंगणात उताणी.

इकडे नदी रोज वीतभर उतरत होती. आणखी पंधरा दिवस गेले की दगड उघडे पडणार आणि वर्ष वाया जाणार. आप्पा दिवसातून दहादा घाटावर जाऊन पाणी बघत आणि परत येऊन नवी खोट काढत. रात्रभर पलीकडून त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत. कृष्णेपर्यंत जाणारा माणूस आपल्याच अंगणात आठ दिवसांत शंभर मैल चालला असेल.

एके दुपारी ते नवे खिळे आणायला बाजारात गेले. काकूंनी मला भिंतीवरून हाक मारली, “डांबर तापवा.” त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि तागाऐवजी त्याच्याच टराटरा पट्ट्या फाडल्या. उपसलेले खिळे मी ठोकून सरळ केले. पाठ पोटावर बसवून बाईने हातोडी अशी चालवली, की यार्डातलं इंजिन शिट्टी द्यायचं विसरलं.

आप्पा आले. होडीभोवती तीनदा फिरले. सांध्यावरून नख ओढत नेलं, पार टोकापर्यंत. मग कुणीतरी फसवल्यासारखे म्हणाले, “फट न्हाई.”

“मग जावा,” काकू म्हणाल्या, आणि भाकऱ्यांचं पीठ काढायला आत गेल्या.

सकाळी होडी डोक्यावर घेऊन आम्ही घाटावर गेलो. काकू आल्या नाहीत. आप्पांनी होडीत पाय घातला, काढला. पुन्हा घातला, काढला. “पानी लई थंड हाय.” मी वल्हं होडीवर आडवं ठेवलं. मग त्यांनी दोन्ही हात भोकाच्या काठांवर टेकले आणि हळूहळू खाली सरकले. पाय पसरले. भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं.

आणि गप्प झाले. बोटंसुद्धा हलेनात. वल्हं आडवं तसंच, होडी धारेने आपली आपण निघाली. रेल्वेच्या पुलाखाली पोचली तेव्हा वरून गाडी धडधडत गेली. जन्मभर प्रत्येक गाडीकडे मान वळवणारे आप्पा. त्यांनी वर पाहिलं नाही. पुलापलीकडे एक ठिपका राहिला, मग नुसतं पाणी.

मी धावतच घरी आलो. “काकू, आप्पा गेले की हो! थांबवायला तरी यायचं होतं!”

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“बसलं न्हवं? मग झालं.”