योसेफला आणायला मुंबईस

दादर स्टेशनावर उतरलो तेव्हा पाठीवर बोचकं होतं आणि डोक्यात आईचा हुकूम: "योसेफला घेऊनच ये."

योसेफ माझा धाकटा भाऊ, परळच्या गिरणीत कामाला. पोर्तुगिजांविरुद्ध गोव्यात निघालेल्या सत्याग्रहींत त्यानं नाव दिल्याचं पत्र नगरला आलं आणि आईचं अन्नपाणी तुटलं.

भिंतीभिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' वाचत परळला पोचलो. योसेफच्या खोलीतल्या मालवणी सोबत्यांनी बांगड्याचं तिखलं (झणझणीत रस्सा) वाढलं. "जेवा हो मास्तर, भावाक मागसून ओरडा!" मला ठसका लागला नि सगळे हसले.

योसेफ ऐकेना. शेवटी म्हणालो, "फादरांना विचारू. ते सांगतील ते दोघांनी मानायचं." आम्हा भावांना लहानपणापासून ओळखणारे, नगरच्या आमच्या चर्चचे जुने फादर मूळ गोव्याचे, उतारवयात गिरगावात राहात. ते नक्की अडवतील, हा माझा डाव. घाईत उलट्या दिशेची ट्राम पकडली, तासभर उशीर झाला.

फादरांनी आधी चहा दिला, मग सगळं ऐकून घेतलं.

"नुसता मुलूख जिंकायला केलेलं युद्ध कधीच न्याय्य नसतं," ते म्हणाले. "गलबतावर क्रूस लावला म्हणून तर नाहीच. आमच्या गोव्यात तेच झालं."

माझा डाव फसला. योसेफ खुलला. "तलवारीनं घेतलं, तर तलवारीनंच काढून घ्यावं ना, फादर?"

"न्याय्य युद्धालासुद्धा अटी आहेत, पुता (बाळा). बाकीचे मार्ग संपलेले हवेत, मनात सूड नको. तू तर निःशस्त्र निघालास. समोरच्या शिपायाचा द्वेष वाटतो?"

योसेफनं चहाचा कप खाली ठेवला. "वाटतो."

"मग अजून जाऊ नकोस."

मी जिंकलो होतो. पण परतताना त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघवेना.

दोन दिवसांनी मला पोचवायला तो दादरला आला, हातात सामान नव्हतं. "दादा, त्या शिपायासाठी रोज प्रार्थना करतोय. नीट जमत नाही, पण जमेल. फादरांना सांगून मगच जाईन."

मी त्याला मिठी मारली. 'चल घरी' हे शब्द तोंडातून निघालेच नाहीत.

नगरला एकटाच उतरलो. आईनं सगळं ऐकलं. रडली, मला बोलही लावला. संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर तिनं योसेफचं नाव घेतलं. मग जरा थांबून म्हणाली, "आणि त्या शिपायालाही सांभाळ, देवा. त्यालाही आई असेल."

शाळेत इतकी वर्षं मी शत्रूवर प्रेम करा म्हणून शिकवत आलो. त्या संध्याकाळी 'आमेन' म्हणायला मला फार वेळ लागला.